आधी मालखाना, मग मशीन: छत्तीसगढच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. विजय शर्मा,
उपमुख्यमंत्री व गृहमंत्री, छत्तीसगढ शासन,
महानदी भवन, नवा रायपूर अटल नगर



२२ जून २०२५ रोजी नवा रायपूरला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते दोन संस्थांची पायाभरणी झाली. एक राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा रायपूर परिसर आणि दुसरी केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळा. छत्तीसगढ राज्य होण्याआधी आमच्याकडचा मुद्देमाल तपासणीसाठी मध्य प्रदेशातल्या सागरच्या प्रयोगशाळेकडे जायचा. पंचवीस वर्षांत तो रस्ता इथवर आला, याचा मला मनापासून आनंद आहे. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेला मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातला एक निवृत्त मास्तर. पत्र मराठीत आहे, कारण ते ज्यांच्या हाती पडणार ते वाचक रायपूरपासून नागपूर-मुंबईपर्यंत पसरलेले आहेत. आपल्या कार्यालयाकडे हिंदी प्रत स्वतंत्रपणे पाठवतो आहे.

नवी इमारत उभी राहिली की नवी यंत्रे येतील, आणि त्यांत आज ना उद्या डीएनए सिक्वेन्सिंगची यंत्रे असणारच. विक्रेते आपल्यासमोर बसून एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतील: संवेदनशीलता. आमचे यंत्र इतक्या कमी डीएनएवर चालते, तितक्या कुजलेल्या नमुन्यावर चालते, असे सांगतील. ते खोटे बोलणार नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र जितके संवेदनशील, तितकी ठाण्यातली आणि दवाखान्यातली ढिलाई त्याला जास्त स्पष्ट दिसते, आणि ती ढिलाई आहे की पुरावा, हे यंत्र सांगत नाही. म्हणून पैशांची आणि नियमांची सुरुवात मालखान्यापासून, म्हणजे ठाण्यातल्या जप्त मुद्देमालाच्या खोलीपासून, व्हावी.

थोडा इतिहास सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे नीट पटणार नाही. १९८४ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीस यांना डीएनएच्या पट्ट्यांमधून माणूस ओळखण्याची रीत सापडली. लेस्टरजवळ दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले होते, आणि त्या प्रकरणात या रीतीने पहिले काम केले ते एका निरपराध तरुणाला सोडवण्याचे. पोलिसांपुढे त्याने एका खुनाची कबुली दिली होती! खरा आरोपी नंतर सापडला. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी स्वतःची पद्धत बसवली आणि केरळातल्या तेलिचेरीच्या पितृत्वाच्या वादात ती न्यायालयाने स्वीकारली. त्या काळच्या पद्धतीला नाण्याएवढा तरी रक्ताचा डाग लागायचा. डाग एवढा मोठा असला, की तो कोणाचा आणि तिथे का पडला, याबद्दल फारसा संशय उरत नसे. पद्धतीचे ते जाडपण एका अर्थाने आरोपीचे संरक्षणच होते.

पुढे पीसीआर आला. नळीतल्या डीएनएच्या प्रती काढायच्या, प्रत्येक फेरीत दुप्पट. मग एसटीआर नावाच्या जागा निवडल्या गेल्या. तिथे चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा येतो ते माणसागणिक बदलते. तीच त्या जागेवरची खूण, आणि सगळ्या जागांच्या खुणा मिळून माणसाचा नकाशा. अमेरिकेने १९९७ मध्ये अशा १३ जागा ठरवल्या आणि २०१७ पासून त्या २० केल्या. आज बहुतेक प्रयोगशाळांत चालणारे यंत्र या तुकड्यांची फक्त लांबी मोजते. सिक्वेन्सिंगचे यंत्र आतली अक्षरे वाचते. फरक असा, की पहिले फलाटावर उभे राहून गाडीला किती डबे आहेत ते मोजते आणि दुसरे प्रत्येक डब्यावरचा क्रमांक वाचते. दोन गाड्यांना बावीस-बावीस डबे असले तरी डबे वेगळे असू शकतात. डी१२एस३९१ किंवा डी२१एस११ यांसारख्या जागांवर हे सर्रास घडते. लांबीने सारखी दिसणारी दोन माणसे अक्षरांनी वेगळी निघतात.

हा फायदा मोठा आहे आणि तो मला कमी लेखायचा नाही. बलात्काराच्या प्रकरणात दोन-तीन जणांचा डीएनए एकत्र आलेला असतो. त्यात कमी प्रमाणातल्या माणसाची खूण जास्तवाल्याच्या सावलीत लपते. पीसीआर करताना मूळ तुकड्यापेक्षा एक घर आखूड अशी खोटी प्रतही तयार होते, तिला स्टटर म्हणतात. मूळ खुणेच्या पाच-दहा टक्के, कधी त्याहून जास्त, इतकी ती भरते. दहा भागांत एक भाग असलेल्या आरोपीची खूण आणि हा स्टटर लांबीच्या आलेखावर एकाच जागी येऊन बसतात. अक्षरे वाचली तर कित्येकदा ते वेगळे करता येतात.

दुसरा फायदा कुजलेल्या नमुन्यांत. ऊन, पाणी आणि जंतू डीएनएचे तुकडे तुकडे करतात. लांबी मोजण्याच्या पद्धतीत काही जागांसाठी चारशे अक्षरांच्या आसपासचा सलग तुकडा शाबूत लागतो. सिक्वेन्सिंगने एकेका अक्षराचे फरक वाचायचे ठरवले, तर दीडशेहून कमी अक्षरांचे तुकडेही चालतात. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यात २,७५३ माणसे गेली. आग, पाणी आणि विमानाचे इंधन यांतून सापडलेल्या हाडांवर तिथली यंत्रणा अजून काम करते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी, आणखी दोघांची ओळख पटली ती याच नव्या सिक्वेन्सिंगच्या जोरावर. ओळख पटलेल्यांचा आकडा तेव्हा १,६४९ वर गेला. बस्तरच्या जंगलात पावसाळ्यानंतर सापडणारी हाडे, महानदीत वाहून आलेले प्रेत, मेअखेरच्या नौतपाच्या उन्हात शेतात पडून राहिलेला देह, यांच्यासाठी ही यंत्रे आपल्या राज्यात हवीतच. बेपत्ता मुलाची वाट पाहणाऱ्या आईला उत्तर मिळण्याचा दुसरा मार्ग अनेकदा उरलेलाच नसतो.

आता दुसरी बाजू. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे साधारण दीडशे पेशी. आजचे संच अर्ध्या ते एक नॅनोग्रॅमवर उत्तम चालतात. शंभर पिकोग्रॅम म्हणजे जेमतेम पंधरा पेशी. तिथून खाली उतरलो की नशिबाचा खेळ सुरू होतो. समजा नळीत तीन पेशींएवढाच डीएनए आला. आईकडून आलेल्या खुणेच्या तीन प्रती, बापाकडून आलेल्याच्या तीन. काढताना, ओतताना, प्रती बनवताना प्रत्येकीची टिकण्याची शक्यता निम्मी धरा. मग एखादी खूण पूर्णच हरवण्याची शक्यता आठात एक झाली. वीस जागा, चाळीस खुणा. त्यांपैकी पाच गळाल्या. उरलेला नकाशा अर्धवट. जिथे दोनपैकी एकच खूण राहिली, तिथे माणूस भलताच दिसतो.

इथे सिक्वेन्सिंगच्या जाहिरातीत न येणारी एक गोष्ट आहे. त्या यंत्रातही नमुना जाण्याआधी बहुतेक पद्धतींत पीसीआरच होतो. नळीत जो रेणू नाही तो पुढे किती हजार वेळा वाचला तरी वाचला जाणार नाही. यंत्र एकेका जागेची हजारो वाचने देते आणि तो आकडा पाहून वकील, न्यायाधीश, कधी तज्ज्ञही दबून जातात. पण ती हजारो वाचने तीन रेणूंच्याच प्रती असू शकतात.

ब्रिटनने हा धडा महागात घेतला. तिथल्या फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसने १९९९ च्या सुमारास पीसीआरच्या २८ फेऱ्यांऐवजी ३४ फेऱ्या करायला सुरुवात केली. सहा फेऱ्या वाढल्या म्हणजे कागदावर चौसष्ट पट. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या ओमा गावात बॉम्बस्फोट होऊन २९ माणसे मेली होती. त्या खटल्यात बॉम्बांच्या अवशेषांवरून मिळालेला असा सूक्ष्म डीएनए सरकारने मांडला. डिसेंबर २००७ मध्ये न्यायमूर्ती वीर यांनी आरोपीला सोडले. पोलिसांनी त्या वस्तू गोळा करताना आणि ठेवताना काय केले यावर त्यांनी कडक ताशेरे ओढले आणि पद्धत पुरेशी पारखलेली आहे का असा प्रश्न विचारला. पद्धत काही काळ थांबवावी लागली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी अहवालात सांगितले की विज्ञान ठीक आहे, पण सगळ्यांना एकसारखे नियम हवेत. नियम आधी ठरले असते तर एवढ्या मोठ्या हत्याकांडाच्या खटल्यात ही नामुष्की आली नसती, असे माझे मत आहे.

जर्मनीतली गोष्ट तर कादंबरीत शोभेल. १९९३ ते २००९ या काळातल्या जवळजवळ चाळीस गुन्ह्यांच्या जागी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. त्यांत खून होते, फुटकळ चोऱ्या होत्या, हाइलब्रॉन शहरात मारल्या गेलेल्या एका महिला पोलिसाचे प्रकरणही होते. पोलिसांनी बक्षीस लावले, शेकडो स्त्रियांचे नमुने घेतले. शेवटी कळले की ती स्त्री नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या भरणारी कारखान्यातली कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या. पण निर्जंतुक करणे म्हणजे जंतू मारणे. डीएनए त्याने पुसला जात नाही. त्यानंतर २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आले आणि कोणत्या काड्या-नळ्या डीएनएमुक्त म्हणायच्या ते ठरले. गृहमंत्री महोदय, आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या आणि ठाण्यांच्या खरेदीत या मानकाचा उल्लेख असावा, एवढी एक ओळसुद्धा कोट्यवधींच्या यंत्राइतके काम करून जाईल.

कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका श्रीमंत गृहस्थाचा घरात शिरून खून झाला. त्याच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. हा माणूस सुमारे पाच महिने तुरुंगात होता. त्याच्या वकिलांनी कागद काढले तेव्हा दिसले, की खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात पडून होता. ज्या रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्याला आधी उचलले होते, तेच काही तासांनी खुनाच्या ठिकाणी गेले होते. बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या यंत्रावरून किंवा त्यांच्या हातांवरून त्या माणसाच्या पेशी मेलेल्याच्या नखांत पोहोचल्या असाव्यात, असे मानले जाते. प्रयोगशाळेचे उत्तर बरोबर होते. डीएनए त्याचाच होता.

आपल्याकडे काय होते? रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयाच्या शवागारात किंवा एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात एकाच टेबलावर, एकाच दिवशी, एकाच कात्रीने किती शवविच्छेदने होतात याचा विचार करावा. जुन्या पद्धतीला कात्रीवर उरलेल्या दहा-वीस पेशी दिसतच नव्हत्या. नव्या यंत्राला दिसतील.

मालखान्याकडे वळतो. भारतीय न्यायालयांत डीएनए पुरावा कोसळतो तो अनेकदा प्रयोगशाळेत नाही, वाटेत. दिल्लीतल्या छावला इथल्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले. देशभर संताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण निकाल वाचला की एक तपशील घशात अडकतो: फेब्रुवारी २०१२ च्या १४ आणि १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली. डीएनए अहवालाचा आधार काय, तज्ज्ञाने वापरलेली तंत्रे नीट लावली गेली का, हे ना सत्र न्यायालयाने तपासले होते ना उच्च न्यायालयाने. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या ठाणे जिल्ह्याच्या प्रकरणात प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने आणखी एक फाशी रद्द झाली. तिथेही नमुने पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा नव्हता आणि भेसळीची शक्यता नाकारता येत नव्हती. एका लहान मुलीच्या खुनाचे प्रकरण होते ते. खरा गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या मुलीच्या घरच्यांसाठी उघडाच राहिला.

१५ जुलै २०२५ ला कट्टवेल्लई विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांसाठी सूचनाच देऊन टाकल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा; उशीर झाला तर कारण लिहावे; तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही असावी; खटला चालू असताना सीलबंद पाकीट न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये. नोंदवहीचा नमुना पोलीस महासंचालकांनी तयार करायचा आहे. ४८ तास हे दिल्लीत सोपे. सुकमा ते रायपूर हा रस्ता चारशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि कोंटा त्याच्याही पुढे. पावसाळ्यात नाले भरले की पोलीस शिपाई पाकीट घेऊन बसच्या टपावर बसणार आहे का?

नमुना वाटेत टिकवायला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. डीएनए ओलाव्यात आणि उन्हात मरतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला, की चार दिवसांत बुरशी बाकीचे काम उरकते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. रक्ताचा थेंब विशेष प्रकारच्या कागदी कार्डावर सुकवला तर फ्रिजशिवाय राहतो. हाडाचा किंवा स्नायूचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला, की त्यातून डीएनए काढणे जवळजवळ संपते. अनेक डॉक्टर सवयीने फॉर्मेलिनच घेतात, कारण सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला तेच लागते. प्रत्येक ठाण्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या, कागदी पाकिटे, एक छोटा कुलूपबंद फ्रिज आणि तो चालू राहील एवढी वीज. जगदलपूर आणि अंबिकापूरला निदान नमुने स्वीकारून नीट साठवणारी केंद्रे. या यादीची किंमत एका सिक्वेन्सिंग यंत्राच्या शेजारी मांडून पाहावी.

नवे कायदे आल्यानंतर हे जास्तच निकडीचे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जाणे बंधनकारक होणार आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे नमुन्यांचा पूर येणार. आणि कलम ३२९ प्रमाणे सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो तेव्हा वकील त्याला विचारू शकतो, अडवू शकतो. कागद उलट प्रश्नाला उत्तर देत नाही, म्हणून त्या कागदावर जे असायला हवे ते आधीच छापलेले असावे.

काय छापावे? मला तरी यासाठी समिती लागेल असे वाटत नाही. नळीत मुळात किती डीएनए होता, नॅनोग्रॅममध्ये. किती जागांवर उत्तर आले नाही किंवा प्रयोगशाळेने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आले. आणि सोबत चालवलेल्या रिकाम्या नळीत, जिथे काहीच यायला नको तिथे, काय आले. या मर्यादा प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या रसायनांवर, रायपूरच्या मे महिन्यात प्रयोग करून ठरवाव्यात. कंपनीच्या पुस्तिकेतून उतरवू नयेत. आणि त्या प्रयोगांचे निकाल कोणालाही पाहता यावेत. आरोपीच्या वकिलाने मागितली तर यंत्रातली मूळ फाइल द्यावी. फक्त तक्ता आणि ‘जुळतो’ एवढा शब्द पुरेसा नाही.

या ‘जुळतो’चा हिशेब छत्तीसगढमध्ये वेगळा करावा लागतो, आणि त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे. डीएनए जुळला म्हणजे काय, हे ती खूण समाजात किती जणांकडे असते त्यावरून ठरते. एखादी खूण शंभरात एकाकडे असेल तर ती जुळणे मोठे. शंभरात तिसांकडे असेल तर किरकोळ. मग सगळ्या जागांचे आकडे गुणून ‘अमुक कोटीत एक’ असे छापतात. पण कोणत्या समाजातले आकडे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात दर शंभरांत तिसांहून जास्त माणसे अनुसूचित जमातींची. अबुझमाडिया, बैगा, बिरहोर, कमार, पहाडी कोरवा या पाच विशेष मागास जमातींपैकी काहींची संख्या काही हजारांतच मोजता येते. आपल्या मतदारसंघाच्या कबीरधाम जिल्ह्यात, बोडला-पंडरियाच्या डोंगरांत बैगा राहतात. आपल्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गोंडांमध्ये ‘दूध लौटाना’ची रीत आहे, मामा-आत्याच्या मुलांची लग्ने होतात. आम्हा मराठी लोकांतही मामेबहिणीशी लग्न काही नवल नव्हते. अशा समाजात दोन अनोळखी माणसांच्या खुणाही सरासरीहून जास्त जुळतात, आणि हिशेबात त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. देशाच्या सरासरीचे आकडे कमार पाड्यातल्या आरोपीला लावले, तर अहवालातला ‘कोटीत एक’ फुगलेला असतो.

पूर्ण वीस जागांचा नकाशा असेल तर या दुरुस्तीने फारसे बिघडत नाही. अडचण अर्धवट नकाशाची. सख्ख्या भावाशी एका जागी दोन्ही खुणा जुळण्याची शक्यता कमीत कमी चारात एक, व्यवहारात जवळजवळ तिनात एक असते. सहाच जागा वाचता आल्या तर भावाचा नकाशा सारखा निघण्याची शक्यता सातशेत एकच्या आसपास येते. सातशेत एक हा आकडा चोरीच्या संशयाला ठीक आहे, फाशीला नाही. आणि पुरुषाच्या वाय गुणसूत्राची तपासणी, जी बलात्काराच्या प्रकरणांत बऱ्याचदा करतात, ती तर भाऊ, बाप, काका, चुलतभाऊ यांच्यात फरकच करत नाही. एकाच कुळाच्या वस्तीत वाय जुळला याचा अर्थ गुन्हेगार त्या कुळातला असू शकतो, इतकाच. तीच गोष्ट आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून मूळ नसलेल्या केसातूनही तो मिळतो आणि सिक्वेन्सिंगला तो सगळ्यांत सोपा. पण मावशी, मावसभाऊ, आईच्या आईच्या बहिणीच्या मुलींची मुले, सगळी एकाच ओळीत येतात.

म्हणून सिक्वेन्सिंगचे यंत्र येण्याआधी इथल्या समाजांचे, अक्षरे वाचून केलेले, वारंवारतेचे तक्ते लागतील. जुने लांबीचे तक्ते पुरणार नाहीत, कारण लांबीने एक असलेली खूण आता चार प्रकारची निघेल. हे काम पोलिसांनी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाचा मानववंशशास्त्र विभाग आणि बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ इथल्या लोकांत अनेक वर्षे काम करतात. समजावून, संमती घेऊन, नावे काढून टाकून त्यांनी हे करावे. अबुझमाडमध्ये खाकी गणवेशातल्या माणसाने तोंडात काडी घालून नमुना मागितला, तर त्याला संमती म्हणायचे का?

हा प्रश्न मी उगाच काढत नाही. सिक्वेन्सिंगचे काही तयार संच ओळखीसोबत डोळ्यांचा, केसांचा रंग आणि वंशपरंपरेचा अंदाजही देतात. घटनास्थळावरचा थेंब पाहून ‘हा अमुक जमातीचा’ असे यंत्राने म्हटले, आणि त्यावर एखाद्या ठाण्याने गावच्या गाव बोलावून घेतले, तर त्याला अडवणारा कायदा आज आपल्याकडे नाही. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, संसदीय समितीने त्यावर अहवाल दिला, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा जैविक नमुने घेण्याचा अधिकार देतो. प्रयोगशाळेने काय वाचावे आणि काय वाचू नये यावर तो काही बोलत नाही. केंद्राचा कायदा येईपर्यंत राज्याने आपल्या प्रयोगशाळेसाठी एक साधा आदेश काढावा: ओळखीसाठी लागतील तेवढ्याच जागा वाचायच्या, वंश आणि रूपाच्या जागा न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय वाचायच्या नाहीत.

आणखी एक छोटी गोष्ट, जी नेहमी विसरली जाते. नमुना हाताळणाऱ्या प्रत्येकाचा, पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याचा, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचा, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा, नकाशा वेगळ्या कुलूपबंद यादीत असावा, म्हणजे अहवाल सही होण्याआधी भेसळ पकडता येते. जर्मनीत काड्या भरणारी बाई कोणाच्या यादीत असती, तर अनेक वर्षांचा पाठलाग पहिल्या आठवड्यात संपला असता. अशी यादी म्हणजे आपल्यावर संशय, असे कर्मचाऱ्यांना वाटेल. त्यांना हे समजावून सांगावे लागेल, आणि ते काम आपल्याच खुर्चीवरून व्हायला हवे. वरून शब्द आला नाही तर ठाण्यात कोणी ऐकणार नाही.

नव्या विद्यापीठात शिकायला येणारी मुले हुशार असतील. त्यांच्यातली काही नारायणपूरची, काही जशपूरची असावीत अशी माझी इच्छा आहे, पण त्यावर वेगळे पत्र लिहीन. त्यांना यंत्र चालवायला शिकवणे सोपे आहे. ‘या नमुन्यावर मत देता येत नाही’ असे लिहून सही करायला शिकवणे कठीण, कारण वरचा अधिकारी, पत्रकार आणि पीडितेचे नातेवाईक, सगळे उत्तराची वाट पाहत असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ मध्ये शंभराहून जास्त प्रयोगशाळांना मुद्दाम बनवलेल्या मिश्र नमुन्यांचे आलेख पाठवले होते. त्यांतल्या एका अवघड मिश्रणात मुळात नसलेल्या माणसाला बहुतेक प्रयोगशाळांनी वगळलेच नाही. ती माणसे अडाणी नव्हती. आपल्या प्रयोगशाळेलाही असे बनावट नमुने दरवर्षी, न सांगता, खऱ्या मुद्देमालात मिसळून पाठवावेत, आणि निकाल जसा येईल तसा छापावा.

आता नेमकी मागणी. रायपूरसाठी सिक्वेन्सिंग यंत्राची पहिली निविदा निघेल, तेव्हा तिच्यासोबत तीन कागद प्रसिद्ध करावेत: सर्व ठाण्यांच्या मालखान्यांची कागदी पाकिटे, फ्रिज आणि नोंदवह्यांसह तयारीची यादी, ४८ तासांच्या आदेशाचे पालन दर महिन्याला किती प्रकरणांत झाले याचा जिल्हावार आकडा, आणि अहवालाचा नवा नमुना, ज्यात डीएनएचे प्रमाण, न आलेल्या जागा आणि रिकाम्या नळीचा निकाल यांचे रकाने असतील. पहिला कागद तर यंत्राची वाट न पाहताही याच वर्षी काढता येईल. सुकमा, बीजापूर आणि कबीरधाम या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो.

उत्तर हिंदीत आले तरी चालेल.



आपला,
तात्यापारा, रायपूर येथील एक निवृत्त शिक्षक